लाल झाकणाची बरणी

आमच्या कॉलेजात अकरावीच्या जीवशास्त्राचा पेपर दरवर्षी फुटायचा, आणि तो फुटायचा मामांच्या फडक्यातून.

मामा म्हणजे प्रयोगशाळा परिचर. दप्तरी नाव वेगळं, पण प्राचार्यांपासून पोरांपर्यंत सगळ्यांचे ते मामाच. प्राणिशास्त्राच्या लॅबमध्ये भिंतभर मांडणी होती आणि तिच्यावर फॉर्मॅलिनमध्ये बुडवलेल्या साठेक बरण्या. तारामासा, पट्टकृमी, जळू, विंचू, समुद्रघोडा, सगळे एका रांगेत. वर्षभर त्यांच्यावर धूळ बसायची. मार्चमध्ये प्रात्यक्षिक परीक्षा आली की आदल्या संध्याकाळी मी मामांच्या हातात चिठ्ठी द्यायची, की उद्या स्पॉटिंगला या आठ. मामा इमानी माणूस. चिठ्ठी कुणाला दाखवायचे नाहीत, तोंडातून अक्षर काढायचे नाहीत. फक्त त्या आठ बरण्या ओल्या फडक्याने लख्ख पुसून ठेवायचे. बाकीच्यांवर धूळ तशीच. लॅबच्या खिडकीबाहेर पिंपळाचा पार होता आणि त्या संध्याकाळी पारावर गर्दी का असते, हा प्रश्न मला चार वर्षं पडला नाही.

चार वर्षं मी खूश होते. काय हुशार पोरं आमची! पट्टकृमीचा संघ, वर्ग, दोन लक्षणं, सगळं धडाधड लिहायची. लेखी परीक्षेत मात्र त्याच पोरांना पट्टकृमी आतड्यात राहतो की समुद्रात, याचा पत्ता नसायचा. पाचव्या वर्षी एक माजी विद्यार्थी लग्नाची पत्रिका द्यायला आला आणि चहा पिता पिता त्याने हे गुपित फोडलं. मी मामांना म्हटलं, "मामा, यंदापासून सगळ्या पुसायच्या." मामा म्हणाले, "बाई, साठ पुसण्यापेक्षा मी एकही पुसत नाही." त्या वर्षी खरंच एकही पुसली नाही. पोरांनी फळ्यांवरच्या धुळीत उमटलेली रिकामी वर्तुळं बघितली आणि कुठल्या जागची बरणी उचलली गेली ते बिनचूक ओळखलं.

१९९१ ते २०२२, अशी एकतीस वर्षं मी कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावात ज्युनिअर कॉलेजला जीवशास्त्र शिकवलं. पालकांना वाटतं, मूल विषयाचा अभ्यास करतं. माझा अनुभव असा, की मुलं अभ्यास करतात तो मॅडमचा. मॅडमने कुठली आकृती रंगीत खडूने काढली, कुठल्या प्रकरणाला आवाज चढवला, कुठे "हे नुसतं वाचून ठेवा" म्हणाल्या, याची वही ठेवणारी मुलं मी पाहिली आहेत. "नुसतं वाचून ठेवा" म्हटलेलं हमखास येतं, असा एका बॅचचा सिद्धांत होता. दुर्दैवाने तो खरा होता.

त्यांना तरी दोष कसा द्यायचा? अकरावी हे तसं बेवारस वर्ष. दहावीचं बोर्ड होऊन गेलेलं, बारावीचं अजून लांब. पेपर कॉलेजातलेच शिक्षक काढणार आणि तेच तपासणार. लेखी ७०, प्रात्यक्षिक ३०. २०१९ साली बालभारतीचं नवं पुस्तक आलं, त्यात सोळा प्रकरणं. नीटच्या ७२० गुणांपैकी ३६० जीवशास्त्राचे आणि त्यात अकरावीचाही वाटा असतो, हे बहुतेकांच्या ध्यानात येतं ते बारावीचा डिसेंबर उजाडल्यावर. तोवर अकरावीच्या वार्षिक परीक्षेसाठी राखून ठेवलेला असतो तो एप्रिलमधला एक आठवडा. आठवड्यात सोळा प्रकरणं उरकायची, तर गांडुळाशी आणि गोगलगायीशी ओळख करून घ्यायला वेळ कुणाला आहे? त्यापेक्षा मॅडमशी ओळख करून घेतलेली बरी.

मीही काही गप्प बसले नाही. लिव्हर फ्लुकच्या बरणीचं झाकण कधीतरी फुटलं होतं आणि मामांनी घरून लोणच्याच्या बरणीचं लाल झाकण आणून बसवलं होतं. सगळ्या मांडणीत लाल झाकण तेवढंच एक. एका वर्षी मी ते काढून जळवेच्या बरणीला लावलं. जळू वळ्यावळ्यांची, दोन्ही टोकांना चूषक. फ्लुक चिंचोळ्या पानासारखा चपटा. आंधळ्यानेही चाचपून ओळखावं इतका फरक. चाळीसच्या बॅचमध्ये छत्तीस जणांनी लिहिलं, लिव्हर फ्लुक. त्यातल्या काहींनी 'शरीर पानासारखं चपटं' हे लक्षणही लिहिलं, समोर जळू ठेवलेली असताना! एका मुलीने मात्र लिहिलं होतं, 'जळू. झाकण फ्लुकचं आहे.' तिला पूर्ण गुण दिले आणि मनातल्या मनात एक जास्तीचा.

झुरळाची गोष्ट याहून जुनी. मी लागले तेव्हा झुरळाचं विच्छेदन असायचं. मेणाचा ट्रे, त्यात पाणी, टाचण्या, चिमटा आणि पाठीवर कापलेलं झुरळ. माणशी एक म्हटलं तरी सव्वाशे झुरळं लागायची, वाया जाणारी वेगळी. ती आणायची कुठून? परीक्षेच्या आधी आठवडाभर मुलं रात्री बॅटरी घेऊन गटाराच्या झाकणांपाशी उकिडवी बसलेली दिसायची. गावातल्या लोकांना याची सवय झाली होती. एसटी स्टँडमागचा एक हॉटेलवाला तर मुलांना बोलावून न्यायचा; फुकटात त्याचं स्वयंपाकघर साफ व्हायचं. पकडलेली झुरळं बरणीत बिस्किटाचा चुरा टाकून जगवायची. एकदा वसतिगृहात अशी बरणी रात्री उलटली. पुढचं मी सांगत नाही, कारण त्या रात्रीची हकिगत सांगणारा प्रत्येक जण झुरळांचा आकडा वाढवतच नेतो.

झुरळाचं शास्त्रीय नाव पेरिप्लॅनेटा अमेरिकाना. प्राणी मूळचा आफ्रिकेतला मानतात, जहाजांतून अमेरिकेत गेला आणि लिनिअसने १७५८ साली त्याच्या नावावर अमेरिका डकवली. ही गंमत मी दरवर्षी सांगायची आणि पेपरमध्ये 'झुरळ हा अमेरिकेतील प्राणी आहे' हे वाक्य दरवर्षी यायचं. हृदयाचे तेरा कप्पे, श्वसनरंध्रांच्या दहा जोड्या, मालपिघी नलिका शंभर ते दीडशे. हे आकडे पोरांना झोपेतून उठवून विचारले तरी यायचे. तोंडी परीक्षेत एका मुलाला मी विचारलं, "मालपिघी नलिका किती?" म्हणाला, "शंभर ते दीडशे." मी सहज म्हटलं, "मोजल्यास का?" तो म्हणाला, "नाही मॅडम. तुम्ही मोजल्यात?"

उद्धटपणा नव्हता त्यात. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी "पुढचा प्रश्न" म्हटलं. संध्याकाळी सगळे गेल्यावर मी एक झुरळ उघडलं आणि भिंगाखाली सुईने एकेक पिवळी नलिका बाजूला करत मोजायला बसले. साठाच्या पुढे कुठेतरी दोन नलिका एकमेकींत अडकल्या, आकडा चुकला. पुन्हा सुरुवातीपासून मोजलं, पुन्हा चुकलं. दिवे घालवून घरी गेले. दुसऱ्या दिवसापासून तोंडी परीक्षेत तो प्रश्न मी विचारला नाही.

पुढे विच्छेदनं बंद होत गेली. महाविद्यालयांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगानेही २०१४ साली ती थांबवायला सांगितली. बरंच झालं. झुरळ मात्र पुस्तकात राहिलं, अख्खं प्रकरण घेऊन. आता मुलं त्याच्या तेरा कप्प्यांच्या हृदयाला कागदावरच भेटतात आणि मागच्या बाकावर खरं झुरळ निघालं की किंचाळत बाकावर चढतात.

वनस्पतिशास्त्राच्या प्रात्यक्षिकात फुलाचं वर्णन असतं. फूल उघडायचं, भाग मांडायचे, पुष्पसूत्र लिहायचं, कुल ओळखायचं. तिथेही हेरगिरी चाले. माझी ठरलेली फुलं म्हणजे गोकर्ण आणि धोतरा. गोकर्णाचे दहा पुंकेसर, त्यातले नऊ जोडलेले आणि एक सुटा. शिकवायला इतकं सुंदर फूल नाही. आमच्या गावात गोकर्णाची वेल एका डॉक्टरांच्या कुंपणावर होती. मुलं परीक्षेच्या आदल्या दिवशी सायकलवरून तिकडून चक्कर मारत. वेल विरळ दिसली की समजायचं, उद्या गोकर्ण. एका वर्षी एका बॅचने याच्याही पुढची मजल मारली. त्यांचा गोकर्णाचा अभ्यास झाला नव्हता. रात्रीतून जाऊन त्यांनी वेलीवरचं एकूण एक फूल तोडलं. सकाळी मामा रिकामी पिशवी घेऊन परत आले. येताना वाटेवर कुणाच्या तरी शेतात बियाण्यासाठी सोडलेल्या कांद्याला गोंडे आले होते. त्यांनी विचारून चार गोंडे आणले.

कांद्याचं एक फूल केवढं? ज्वारीच्या दाण्याहून थोडंसं मोठं. त्यात तीन-तीनच्या दोन वर्तुळांत परिदलं, तीन-तीनच्या दोन वर्तुळांत पुंकेसर आणि मध्ये तीन कप्प्यांचा अंडाशय. हे सगळं सुईच्या टोकाने सुटं करून कागदावर मांडायचं. पंखा बंद ठेवावा लागला, नाहीतर परीक्षा उडून गेली असती. घामाघूम झालेल्या त्या बॅचमधले निम्मे जण गोकर्ण तोडणारे होते, हे मला नंतर कळलं. त्या दिवशी नुसता संशय होता.

आता थोडं भाषेबद्दल, कारण अकरावीला जीवशास्त्राची भीती वाटते ती जीवांची नसते. आमच्याकडे सायन्स इंग्रजीतून. वर्गातली निम्मी मुलं वाड्यावस्त्यांवरून, मराठी शाळेतून आलेली. दहावीपर्यंत तंतुकणिका, हरितलवक, लयकारिका शिकलेली. अकरावीत त्यांचं मायटोकॉन्ड्रिया, क्लोरोप्लास्ट, लायसोझोम झालं आणि ओळखीची माणसं अनोळखी कपड्यात समोर आली. एक मुलगी होती, दहावीला तालुक्यात नंबर काढलेली. सहामाहीत नापास झाली. वार्षिक परीक्षेआधीच्या चाचणीत तिने पेशीविभाजनाच्या उत्तरात सगळं इंग्रजी लिहिलं आणि मध्येच देवनागरीत 'पश्चावस्था' लिहून पुढे गेली. इंग्रजी शब्द आठवला नव्हता. आकृती अचूक होती, गुणसूत्रं दोन टोकांकडे ओढली जाताना दाखवली होती.

मी गुण दिले. स्टाफरूममध्ये यावर अर्धा तास वाद झाला, पण तो सोडा. दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर मराठी नावं लिहिली: पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था. "क्रम पाठ करायचा आहे का?" म्हणून विचारलं. वर्ग हसला. आधी पूर्व, मग मध्य, मग पश्च, शेवटी अंत्य. नावातच क्रम बसलेला. ज्याला 'पश्चावस्था' कळते त्याने तिच्यावर ॲनाफेज अशी चिठ्ठी चिकटवली की काम झालं. इंग्रजी माध्यमातून आलेली दोन पोरं हे वहीत उतरवून घेत होती. त्यांनी चार महिने चार अक्षरं घोकली होती आणि कुठलं कशानंतर हे परीक्षेत तरीही उलटंच लिहीत होती.

मग अर्धसूत्री विभाजनाच्या पहिल्या पूर्वावस्थेच्या पाच पायऱ्या आल्या. लेप्टोटीन, झायगोटीन, पॅकिटीन, डिप्लोटीन, डायकायनेसिस. इथे मराठीचाही इलाज चालेना. तीच मुलगी मागून म्हणाली, "लेझीम, झांज, पताका, डिमडी, डफ." तिच्या वाडीच्या जत्रेची मिरवणूक होती ती. त्या वर्षी वार्षिक परीक्षेत तो प्रश्न आला तेव्हा मी वर्गात फिरत होते आणि चार-पाच जणांचे ओठ लेझीम खेळत होते. (एक तक्रार इथेच करून टाकते. मराठी पुस्तकात प्रजाती म्हणजे जीनस आणि जाती म्हणजे स्पीशीज. वर्तमानपत्रं 'बेडकाची नवी प्रजाती सापडली' असं छापतात, सापडलेली असते जाती. मग आमची मुलं नेमका तोच एक गुण घालवतात.)

लेखी पेपर काढणं हा वेगळाच प्रकार होता. झेरॉक्स येण्याआधी स्टेन्सिल कापायची. मेणकागदावर टाइपरायटरने अक्षरं उमटवायची, चूक झाली की लाल पातळ लावून बुजवायची, मग सायक्लोस्टाइलच्या यंत्रावर हँडल फिरवायचं. हात, पदर, सगळं काळं. वापरलेली स्टेन्सिल जाळायची असा नियम, पण ऑफिसात एकदा ती केराच्या टोपलीत गेली. कुणीतरी ती उन्हाला धरून वाचली. त्या वर्षीचे पेपर तपासताना माझ्या लक्षात आलं, कारण ज्या प्रश्नाला मी स्वतः अवघड म्हणून खूण केली होती तोच सगळ्यांनी तोंडपाठ लिहिला होता.

पुढच्या वर्षी मी एक उद्योग केला. शिक्षिकेला शोभणारा नव्हता, कबूल. खोटा पेपर टाइप केला, त्याची स्टेन्सिल चुरगाळून स्वतः टोपलीत टाकली. त्या खोट्या पेपरात पंधरा गुणांचं प्रकाशसंश्लेषण होतं. प्रकाश अभिक्रिया, केल्विन चक्र, सी-४ मार्ग, मुलं ज्याला हातही लावत नाहीत ते सगळं. खऱ्या पेपरात त्यावर फक्त तीन गुण होते. परीक्षेनंतर मुलांचे चेहरे बघण्यासारखे झाले. पण गंमत पुढेच आहे. बारावीत त्या बॅचला मी श्वसन आणि प्रकाशसंश्लेषण यांची तुलना विचारली तेव्हा केल्विन चक्र अख्खा वर्ग सांगत होता. माझ्या एकतीस वर्षांत ते प्रकरण एवढं पक्कं झालेली तीच एक बॅच. वर्गात तासन्‌तास शिकवून जे जमलं नव्हतं ते केराच्या टोपलीने केलं.

ज्याला काहीच येत नाही तोसुद्धा एक वाक्य लिहितोच: तंतुकणिका हे पेशीचं पॉवर हाउस आहे. प्रश्न केंद्रकावर असो नाहीतर मूत्रपिंडावर, कुठेतरी हे वाक्य टेकवलेलं असतं. फिलिप सिकेविट्झ नावाच्या शास्त्रज्ञाने १९५७ साली 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये याच नावाचा लेख लिहिला होता. त्या माणसाला कल्पना नसेल की कृष्णाकाठी किती पोरं त्याच्या मथळ्यावर अर्धा गुण मागत असतात. लोडशेडिंगच्या वर्षांत, दिवसा आठ-आठ तास वीज नसायची तेव्हा, एका मुलाने घामाने भिजत विचारलं, "मॅडम, या पॉवर हाउसला लोडशेडिंग नसतं का?" मी म्हटलं, "असतं की. सायनाइड. तंतुकणिकेतल्या इलेक्ट्रॉनच्या साखळीतली शेवटची कडी ते बंद पाडतं. बाहेर ऑक्सिजन भरपूर, आत वीज नाही." त्या दिवशी पंखे बंद होते तरी कुणी चुळबुळ केली नाही.

याच श्वसनाच्या प्रकरणाने माझी सर्वांत जास्त परीक्षा घेतली. प्रश्न साधा होता: ग्लुकोजच्या एका रेणूपासून ऑक्सिश्वसनात एकूण किती एटीपी मिळतात ते हिशोबासह लिहा. गुण तीन. मी काढलेल्या मॉडेल ॲन्सरमध्ये ३८. गठ्ठ्यात एका मुलाने लिहिलं होतं ३२. लाल पेन टेकवलं आणि थांबले, कारण खाली हिशोब होता आणि हिशोब किराणा दुकानदाराच्या पोराचा होता. बाकी सगळ्यांनी एका एनएडीएचचे तीन आणि एफएडीएच-टूचे दोन एटीपी धरले होते. याने धरले होते अडीच आणि दीड. दहा गुणिले अडीच पंचवीस, दोन गुणिले दीड तीन, वर थेट मिळणारे चार. बत्तीस. आकडेमोडीत चूक नव्हती.

बोलावून विचारलं. बहीण बी.एस्सी.ला होती, तिच्या पुस्तकात असं होतं. आणि तिच्या पुस्तकाचंच बरोबर होतं. नव्या मोजमापांनुसार अडीच आणि दीडच धरतात, एकूण तीस ते बत्तीस येतात. ३८ हा जुना, कागदावरचा सोयीचा आकडा. आता काय करायचं? त्याला तीनपैकी तीन दिले तर बाकी मुलं विचारणार, मग आमचं चूक का? शून्य दिलं तर मी खोटी ठरते. दोन्ही उत्तरांना तीन-तीन दिले. सहकारी रागावले. "बोर्डात, नीटला जे विचारतील तेच शिकवा, पोरांचं नुकसान करू नका." त्यांचंही खरं होतं. मी त्या पोराला म्हटलं, "तुझं बरोबर आहे. पण परीक्षेत पुस्तकातलं लिही." हे वाक्य बोलताना मला स्वतःलाच कसंसं झालं.

त्या रात्री मला गुणसूत्रांची गोष्ट आठवली. १९२३ साली टेक्सासच्या थिओफिलस पेंटरने माणसाच्या पेशीत ४८ गुणसूत्रं असतात असं जाहीर केलं. त्याच्या आधी तो ४६ की ४८ यात अडकला होता आणि शेवटी ४८ वर शिक्कामोर्तब झालं. तेव्हाच्या पद्धतीने गुणसूत्रं एकमेकांवर गुंताडलेली दिसत. माझ्या मालपिघी नलिकांसारखीच. पुढची तीसेक वर्षं जगभरच्या पुस्तकांत ४८. मग स्वीडनमध्ये लुंड इथे जावामध्ये जन्मलेल्या जो हिन त्जिओने अल्बर्ट लेव्हानबरोबर काम करताना पेशी फुगवून गुणसूत्रं नीट पांगवली आणि मोजली. ४६. ते १९५६ साली छापून आलं. मधल्या त्या तीस वर्षांत एखाद्या मुलाने पेपरात ४६ लिहिलं असतं तर माझ्यासारख्याच कुणीतरी बाईने त्यावर लाल फुली मारली असती.

क्रेब्ज चक्र पाठ होत नाही म्हणून रडणाऱ्या मुलांना मी एक गोष्ट मात्र हमखास सांगायची. हान्स क्रेब्जने १९३७ साली ते चक्र लिहून 'नेचर'कडे पाठवलं तेव्हा त्यांनी जागा नाही, सात-आठ आठवड्यांचा मजकूर आधीच साठलाय, म्हणून कळवलं. लेख दुसऱ्या नियतकालिकात छापला आणि १९५३ला क्रेब्जला नोबेल मिळालं. मुलं ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "मॅडम, हे आयएमपी आहे का?"

अस्कॅरिसच्या, म्हणजे जंताच्या, बरणीचं प्रकरण माझ्या अकराव्या वर्षी घडलं. प्रात्यक्षिक परीक्षेचा पहिला दिवस, दुपारची बॅच. स्पॉटिंगमध्ये सहा नंबरला अस्कॅरिस, लेबलवर कागद डकवून झाकलेलं. लेबल मी लागण्याआधीचं, तपकिरी पडलेली शाई: 'अस्कॅरिस, मादी.' माझ्या उत्तरसूचीतही मादी. स्पॉटिंग संपल्यावर तोंडी परीक्षेला एक मुलगा आला. शेतकऱ्याचा पोरगा, मितभाषी, वर्षभर वर्गात एक प्रश्न विचारला नसेल. त्याने लिहिलं होतं, 'नर.' मी म्हटलं, "मादी आहे ती." तो म्हणाला, "मॅडम, शेपटीचं टोक आकडीसारखं वळलंय. मादीचं सरळ असतं."

मी उठून बरणी खिडकीपाशी नेली. धूळ पुसली. टोक आकडीसारखं वळलेलं होतं. अकरा वर्षं मी ती बरणी हातात धरून वर्गाला दाखवत आले होते, 'मादी नराहून मोठी, टोक सरळ' असं म्हणत, आणि एकदाही टोकाकडे बघितलं नव्हतं. लेबल वाचत होते. किती मुलांनी 'मादी' लिहून गुण घेतले असतील आणि कदाचित किती जणांनी 'नर' लिहून घालवले असतील!

त्याला गुण दिला. मामांना हाक मारून सांगितलं, आजच्या आज लेबल बदला. मामांनी जुनं खरवडून काढलं, कोऱ्या कागदावर सुबक अक्षरात 'अस्कॅरिस, नर' लिहिलं आणि चिकटवलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बॅचमध्ये सहा नंबरला चाळीसच्या चाळीस जणांनी लिहिलं, अस्कॅरिस, नर. मला भरून आलं. तोंडी परीक्षेला आलेल्या पहिल्याच मुलाला मी कौतुकाने विचारलं, "नर कशावरून ओळखलास रे?"

तो जरा घुटमळला. काल संध्याकाळी डिंक वाळावा म्हणून मामांनी बरणी खिडकीत ठेवली होती, लेबल पाराच्या बाजूला करून.

"नवीन चिठ्ठी होती, मॅडम," तो म्हणाला. "डिंक ओला होता."